हेराक्लायटसची विरुद्धं ‘एक’ कशी, आणि त्यात लोगॉसचं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा: प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस दिवस आणि रात्र एकच म्हणतो, चढण आणि उतरण एकच म्हणतो. मग हा उघड उघड व्याघात नाही का? ज्या लोगॉसला ‘वैश्विक बुद्धी’ म्हटलं जातं, तो या सगळ्यात कुठे बसतो? आणि मूळ वचनं वाचायची तर कशी?

आधी उत्तर देतो, मग तपशील. एखादी गोष्ट आहेही आणि नाहीही, असं हेराक्लायटस सहसा म्हणत नाही. ज्यांना आपण दोन सुट्या, एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी समजतो, त्या एकाच वस्तूच्या किंवा एकाच घडामोडीच्या दोन बाजू असतात आणि एक बाजू काढली की दुसरीही उरत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. या बाजूंमधलं नातं ज्या प्रमाणावर टिकतं, ते प्रमाण म्हणजे लोगॉस. त्यामुळे ‘विरुद्धांचं ऐक्य’ आणि ‘लोगॉस’ ही दोन वेगळी प्रकरणं करून शिकवली जातात, तिथेच घोळ सुरू होतो.

हातात काय साहित्य आहे ते आधी पाहायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथूनच येतात. हेराक्लायटस एफेससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याकडचा, काळ इ.स.पू. ५०० च्या आसपासचा. त्याने एकच ग्रंथ लिहिला आणि तो आर्टेमिस देवीच्या देवळात ठेवला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीझ लेअर्शियस सांगतो. तो ग्रंथ गेला. उरली ती पुढच्या सातशे-आठशे वर्षांत आणि त्यानंतरही इतर लेखकांनी आपापल्या कामासाठी उचललेली वचनं, साधारण सव्वाशे. आज जे क्रमांक वापरले जातात ते हर्मान डील्स या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिले. त्याने पहिली दोन वचनं ग्रंथारंभाची म्हणून पुढे ठेवली आणि बाकीची, ज्यांच्या लिखाणात ती सापडतात त्या लेखकांच्या नावांच्या अक्षरक्रमाने लावली. म्हणजे ५९ नंतर ६० येतं यात विचाराचा धागा काहीच नाही. क्रमाने वाचत गेलात तर हेराक्लायटस विस्कळीत वाटणारच, पण तो दोष त्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५० ते ६७ ही वचनं एकाच माणसाकडून आलेली आहेत: हिप्पोलिटस, तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा रोममधला ख्रिस्ती लेखक. नोएटस नावाचा धर्मोपदेशक पिता (देव) आणि पुत्र (ख्रिस्त) एकच आहेत असं शिकवत होता. ही शिकवण ख्रिस्ताची नसून हेराक्लायटसकडून उसनी आणलेली आहे, असं हिप्पोलिटसला दाखवायचं होतं. म्हणून त्याने ग्रंथातून नेमकी ‘अमुक आणि तमुक एकच’ या घाटाची वचनं वेचून काढली. त्याचे आपल्यावर उपकार आहेत, कारण तो नसता तर यातलं बहुतेक नष्ट झालं असतं. पण मूळ ग्रंथात या घाटाची वचनं किती दाट होती, हे त्याच्या वेच्यावरून ठरवू नये.

आता प्रत्यक्ष वचनं. विरुद्धांबद्दलच्या वचनांची सुरुवात ६१ पासून करा, कारण त्यात हेराक्लायटस स्वतःच आपली रीत उलगडून दाखवतो. आशय असा: समुद्र हे सर्वांत शुद्ध आणि सर्वांत दूषित पाणी, माशांना पिण्याजोगं आणि तारक, माणसांना न पिण्याजोगं आणि मारक. पहिलं अर्धं वाचून थांबलात तर व्याघात दिसतो. दुसऱ्या अर्ध्यात ‘कोणाला’ हे येतं आणि व्याघात विरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मूत्रावाटे बाहेर टाकायला माणसाच्या शरीराला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं, म्हणून ते पिऊन माणूस कोरडा पडत जातो. समुद्रातल्या माशाची शरीररचना त्याच पाण्यासाठी घडलेली आहे. पाणी तेच, क्षार तेवढेच, परिणाम उलटे.

इथे विद्यार्थी हमखास दुसऱ्या बाजूला घसरतात: ‘म्हणजे सगळं ज्याच्या त्याच्या मानण्यावर!’ नाही. ते पुढे प्रोटॅगोरस या ग्रीक विचारवंताच्या नावावर येणारं म्हणणं आहे. मासा काही मानत नाही आणि माणसाने मानलं म्हणून खारं पाणी पचत नाही. तारक असणं आणि मारक असणं हे दोन्ही समुद्राचेच खरे गुण आहेत, फक्त ते नात्यात राहून प्रकट होतात. आपल्या बाजूने ‘समुद्राचं पाणी वाईट’ एवढंच म्हणणारा माणूस चुकीचं बोलत नाही, अर्धवट बोलतो.

वचन ६० तर अगदी छोटं आहे: वर जाणारा आणि खाली येणारा रस्ता एकच आणि तोच. दिशा चालणाऱ्याची, रस्ता एक. वर्तुळाच्या परिघावर आरंभ आणि शेवट एकाच ठिकाणी असतात हे १०३ चंही तसंच, त्यावर फार वेळ घालवू नका. १११ थोडं वेगळं आहे: आजारामुळे आरोग्य गोड लागतं, भुकेमुळे तृप्ती, दमणुकीमुळे विसावा. इथे दोन्ही एकच असं म्हटलेलंच नाही. एकाची किंमत दुसऱ्यावाचून कळत नाही, इतकंच.

दिवस-रात्रीचं वचन ५७ समजायला समोर जुना ग्रीक कवी हेसिअड हवा. त्याच्या देवकुळकथेत रात्र ही दिवसाची आई आहे आणि दोघं एका पितळी उंबरठ्यावर एकमेकांना ओलांडून जातात: एक घरात शिरलं की दुसरं बाहेर पडतं, दोघं एकत्र कधीच घरात नसतात. म्हणजे दोन स्वतंत्र व्यक्ती. हेराक्लायटस म्हणतो, बहुतेकांचा गुरू हेसिअड, त्याला दिवस आणि रात्र कळली नाहीत. ती एक आहेत. काळोख आणि उजेड सारखेच दिसतात असा याचा अर्थ नाही. सूर्याच्या असण्या-नसण्याची ही एकच घडामोड आहे, तिचे दोन तुकडे करून त्यांना वेगळी नावं आणि वेगळी घराणी देणं चूक, असा रोख आहे. वचन ९९ जोडीला ठेवा: सूर्य नसता तर रात्रच असती.

मग येतं ५१, आणि तिथे रेंगाळायला हवं. स्वतःशीच फारकत घेणारं स्वतःशी कसं जुळतं हे लोकांना कळत नाही, असं म्हणून तो दोन वस्तू पुढे ठेवतो: धनुष्य आणि लायर. ग्रीक लायर म्हणजे कासवाच्या कवचाचा तुंबा, त्यातून वर निघालेले दोन बाहू, त्यांना जोडणारी आडवी दांडी, आणि दांडीपासून तुंब्यापर्यंत ताणलेल्या आतड्याच्या, बहुधा सात, तारा. तारा चौकटीला आत ओढतात, चौकट त्यांना बाहेर ताणून धरते. तार सैल सोडा, स्वर नाही. नको तेवढी पिळा, तार तुटेल किंवा बाहू वाकेल. धनुष्याचंही तेच: दोरी उतरवली की हातात काठी उरते. इथे दोन विरुद्ध ओढी एकमेकींना संपवत नाहीत की एकमेकींत विरघळत नाहीत. दोन्ही पूर्ण जोराने चालू असतात आणि म्हणूनच ती वस्तू ती वस्तू असते. या वचनात त्या जोडणीला लावलेल्या विशेषणाचे दोन पाठ मिळतात, एकाचा रोख ‘उलट ताणलेली’ असा आणि दुसऱ्याचा ‘उलट वळलेली’ असा. पंडितांचं त्यावर भांडण आहे. धनुष्य आणि लायर समोर ठेवले तर ताणाचा अर्थ दोन्हीकडून निघतोच.

भिंतीला टेकवलेलं, दोरी चढवलेलं धनुष्य निवांत दिसतं, कारण त्यातली ओढाताण डोळ्याला दिसत नाही. न दिसणारी जोड दिसणाऱ्या जोडीहून बळकट, हे ५४ वं वचन याच्याच शेजारी वाचावं. आणि ८० सुद्धा: युद्ध सर्वांना समान आहे, न्याय म्हणजे संघर्ष, आणि सगळं संघर्षातून घडतं. हे वाचून त्याला युद्धखोर ठरवण्याआधी दक्षिणेकडच्या मिलेटसचा, त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ ॲनॅक्सिमँडर आठवावा. वस्तू एकमेकींवर केलेल्या अन्यायाची भरपाई काळाच्या क्रमानुसार करतात, असं त्याचं वचन आहे: उन्हाळा हिवाळ्यावर कुरघोडी करतो, मग दंड भरतो. हेराक्लायटस हे उलटवतो. कुरघोडी हा अन्याय आणि भरपाई हा न्याय, असे दोन टप्पे नाहीतच. ती ओढाताण मापात चालणं हाच न्याय.

आता व्याघाताचं पाहू. ॲरिस्टॉटल आपल्या तत्त्वमीमांसेच्या चौथ्या भागात नियम सांगतो: एकच गुण एकाच वस्तूला, एकाच वेळी, एकाच दृष्टीने लागूही असेल आणि नसेलही, हे अशक्य. आणि लगेच, हेराक्लायटस असं म्हणतो असं काहींना वाटतं, अशी पुस्ती जोडतो. ‘काहींना वाटतं’ हे शब्द सोडून देऊ नका. वर पाहिलेल्या वचनांत ‘एकाच दृष्टीने’ ही अट पुरीच होत नाही, म्हणून नियमही मोडत नाही: समुद्रात ‘कोणाला’ बदलतं, रस्त्यात दिशा बदलते, धनुष्यात ओढीची बाजू बदलते.

पण सगळीच वचनं अशी सुटत नाहीत, आणि ती सुटतात असं दाखवणारी पुस्तकं वाचकाला फसवतात. ८८ घ्या: जिवंत आणि मेलेलं, जागं आणि झोपलेलं, तरुण आणि म्हातारं एकच आहे, कारण हे पालटून ते होतं आणि ते पुन्हा पालटून हे. जागं-झोपलेलं यावर युक्तिवाद चालतो, कारण फेरा दोन्हीकडून पुरा होतो. तरुणाचा म्हातारा होतो, म्हाताऱ्याचा तरुण कुठे होतो? एका माणसाऐवजी पिढ्यांची साखळी धरली तर काहीसं जुळतं. हे वचन प्लुटार्कच्या नावावरच्या एका सांत्वनपर लेखात येतं आणि तिथेही पुढे एकाच मातीतून आकार घडवून मोडण्याचा दाखला आणि पिढ्यांचाच संदर्भ आहे. तरीही ‘एकातून दुसरं होतं’ यावरून ‘दोन्ही एकच’ ही उडी मोठी आहे. माझ्या मते हेराक्लायटसच्या युक्तिवादातली सर्वांत कच्ची जागा हीच.

लोगॉसकडे वळू. पहिल्या वचनाचा आशय: हा लोगॉस सदैव असूनही माणसं त्याबद्दल अजाण राहतात, ऐकण्याआधीही आणि ऐकल्यावरही, सगळं या लोगॉसनुसार घडतं, तरी ती कधी अनुभव न घेतल्यासारखी वागतात. मूळ वाक्यात ‘सदैव’ हा शब्द असा बसवलाय की तो ‘असूनही’कडेही जातो आणि ‘अजाण’कडेही. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रात हेच उदाहरण देऊन तक्रार केली आहे की इथे विरामचिन्ह कुठे द्यावं ते कळत नाही. शब्द दोन्हीकडे लावून वाचा. एक बाजू निवडायची सक्ती नाही.

ग्रीकमध्ये लोगॉस म्हणजे बोलणं, हिशेब, प्रमाण, कारण, असं बरंच काही. कोशातून एक अर्थ उचलून सगळीकडे डकवण्यापेक्षा वचनंच काय सांगतात ते पाहा. ५० म्हणतं: माझं नव्हे, लोगॉसचं ऐकून सर्व एक आहे हे मान्य करणं शहाणपणाचं. म्हणजे लोगॉस हे केवळ त्याचं स्वतःचं प्रवचन नाही. २ म्हणतं: लोगॉस सर्वांना समान असूनही बहुतेक लोक जणू खासगी समज असल्यासारखे जगतात. म्हणजे तो कोणा एकाच्या डोक्यातला विचारही नाही. आणि ३१ तर मापाचीच भाषा बोलतं: जमीन विरघळून पुन्हा समुद्र होते, तेव्हा जमीन होण्याआधी जेवढं होतं त्याच लोगॉसने तिचं माप भरतं. इथे ‘बुद्धी’ हा अर्थ बसवून पाहा, वाक्य मोडतं. ‘प्रमाण’ बसवा, उभं राहतं.

मापाची ही भाषा सगळीकडे आहे. ३० व्या वचनात हे विश्व कोणा देवाने किंवा माणसाने बनवलेलं नाही. तो सदा जिवंत अग्नी, मापाने पेटणारा आणि मापाने विझणारा. ९४ मध्ये सूर्य आपली मापं ओलांडणार नाही, ओलांडली तर न्यायाच्या सेविका एरिनिएस त्याला हुडकून काढतील. (हे वचन १९६२ मध्ये थेसालोनिकीजवळ सापडलेल्या डेर्वेनी पपायरसवरही आहे, आणि ती गुंडाळी इ.स.पू. चौथ्या शतकातली आहे. हेराक्लायटसच्या बाबतीत इतका जुना पुरावा मिळणं दुर्मीळ.) ९० मध्ये सगळं अग्नीच्या बदल्यात आणि अग्नी सगळ्याच्या बदल्यात, जसा माल सोन्याच्या आणि सोनं मालाच्या बदल्यात. हा दाखला एफेससच्या माणसालाच सुचावा. तिथल्या आर्टेमिसच्या देवळाच्या पायाखालीच जगातल्या अगदी जुन्या नाण्यांपैकी काही सापडली आहेत. सोनं म्हणजे धान्य नव्हे. पण ठरलेल्या प्रमाणात एक दुसऱ्याची जागा घेतं आणि हिशेबात काही बुडत नाही. ‘सर्व एक’ याचा अर्थ मी तरी याच वचनाच्या आधारे लावतो.

मग ‘वैश्विक बुद्धी’ आली कुठून? इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनोने स्टोइक पंथ सुरू केला. त्याचा शिष्य क्लिॲन्थीझ याने हेराक्लायटसवर चार भागांचं विवरण लिहिलं. स्टोइकांसाठी लोगॉस म्हणजे सृष्टी चालवणारी, हेतू असलेली, दैवी बुद्धी. पुढे सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवादी लेखकाने पहिलं आणि दुसरं वचन उद्धृत करताना भोवती जे स्पष्टीकरण दिलं, त्यात माणूस श्वासावाटे हा दैवी लोगॉस आत घेतो, झोपेत इंद्रियांची दारं मिटली की तुटतो आणि जागा झाला की निखाऱ्याने आगीजवळ जाऊन पुन्हा धगावं तसा बुद्धिमान होतो. चित्र सुंदर आहे, पण ते सेक्स्टसच्या हाती आलेल्या परंपरेचं आहे. त्यातलं नेमकं किती हेराक्लायटसचं, हे वेगळं काढता येत नाही. त्याची स्वतःची वचनं इतकंच सांगतात की जाग्यांचं जग एक आणि समान असतं, झोपलेला प्रत्येक जण आपापल्या जगात वळतो (८९). आणि शहाणपणाने बोलणाऱ्यांनी सर्वांना समान असलेल्यावर भिस्त ठेवावी, नगर कायद्यावर ठेवतं त्याहूनही घट्ट, कारण सगळे मानवी कायदे एका दैवी कायद्यावर पोसलेले असतात (११४).

‘समान’ म्हणजे बहुमत नव्हे, बरं का. बहुतेकांना ते कळत नाही, ही त्याची पहिल्या ओळीपासूनची तक्रार आहे. हर्मोडोरस या आपल्यातल्या सर्वांत लायक माणसाला हद्दपार केल्याबद्दल एफेससच्या सगळ्या प्रौढांनी गळफास घ्यावा, असं त्याने लिहून ठेवलंय.

नदीचं वचन सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत बिघडलेलं. १२ व्या वचनाचा आशय: त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून वेगळं आणि वेगळं पाणी वाहत जातं. नद्या त्याच, पाणी वेगळं. ‘त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही’ हे रूप प्लेटोच्या क्रॅटिलस संवादातलं, आणि ‘एकदाही नाही’ हे त्या संवादाला ज्याचं नाव आहे त्या क्रॅटिलस या विचारवंताचं स्वतःचं, ज्याने ॲरिस्टॉटलच्या सांगण्यानुसार शेवटी बोलणं सोडून नुसतं बोट हलवायला सुरुवात केली. मूळ वचनात सगळं निसटून जातंय असा सूर नाही. पाणी बदलत राहतं म्हणूनच ती नदी आहे. थांबलं तर तळं. हेच १२५ मध्ये किकिऑन नावाच्या पेयाबद्दल येतं. होमरच्या इलियडच्या अकराव्या सर्गात त्याची कृती आहे: प्राम्नियन मद्य, त्यात पितळी किसणीवर किसलेलं बकरीच्या दुधाचं चीज, वरून जवाचं पांढरं पीठ. ढवळलं नाही तर पीठ खाली बसतं, मद्य वर राहतं, आणि घटक सगळे हजर असूनही किकिऑन राहत नाही.

मराठी वाचकाकडून होणारी खास चूक म्हणजे ‘सर्व एक आहे’ वाचताच अद्वैत आठवणं. शांकर मतात भेद अखेरीस मिथ्या ठरतो. हेराक्लायटसमध्ये भेद खरा आहे, जोरकस आहे, आणि ऐक्य त्या भेदावरच उभं आहे. तारांची ओढ मिथ्या म्हटली तर लायर वाजणार नाही. द्वंद्वांच्या पलीकडे जा, असा उपदेशही तो करत नाही. दुसरी चूक जर्मन तत्त्वज्ञ हेगेलमार्गे येते. आपल्या तर्कशास्त्रात घेतलं नाही असं हेराक्लायटसचं एकही वचन नाही, असं हेगेल म्हणाला, आणि तेव्हापासून लोक हेराक्लायटसमध्ये दोन विरोधांतून वर चढणारी तिसरी पायरी शोधतात. ती तिथे नाही. धनुष्यातल्या दोन ओढींतून तिसरी, वरच्या दर्जाची ओढ निघत नाही.

वाचनाचा क्रम विचारलात तर असा धरा. आधी १, २, ५०, ८९, ११४. मग ६१, ६०, ५७, १११, ८८. त्यानंतर ५१, ५४, ८०. मग ३०, ३१, ९०, ९४, आणि शेवटी १२ आणि १२५. प्रत्येक वचनाला तीन गोष्टी विचारा: हे कोण उद्धृत करतंय आणि कशासाठी, विरुद्ध जोडी कोणत्या नात्यात एक आहे, म्हणजे कोणाला, कोणत्या दिशेने, कोणत्या क्रमाने, आणि एक बाजू काढली तर दुसरीचं काय होतं. ‘सगळं वाहतं आहे’ हे शब्द त्याच्या अस्सल वचनांत नाहीत, आणि ‘बदल हीच एकमेव कायमची गोष्ट’ तर मुळीच नाहीत. भेटकार्डावर दिसले तर सोडून द्या.

६२ मात्र अगदी अखेरीस उघडा. अमर मर्त्य, मर्त्य अमर. हे त्यांचं मरण जगतात, ते यांचं जगणं मरतात. इथे ‘कोणाला’ नाही, दिशा नाही, आणि पहिल्या चार शब्दांत कर्ता कोणता हे व्याकरण सांगत नाही. शिवाय वचन हिप्पोलिटसकडून आलेलं, ज्याला मरणारा देव हवाच होता. वरचे तीन प्रश्न इथे पुरे पडत नाहीत. अर्थ सांगणारा प्रत्येक जण बाहेरून काहीतरी आणून बसवतो, तेव्हा त्याने काय आणलं ते पाहून मगच पटवून घ्या.